चार कार्बोरेटर आणि निवडलेले तांदूळ

तुमचं दिवसकार्य उरकलं, पाहुणे आपापल्या गाड्यांनी परतले, आणि शेडमध्ये कामाला आलेली जिनगोंडाअण्णांची मोटारसायकल तेवढी राहिली. तुम्ही सोडली होती तशीच ती स्टँडवर उभी होती. टाकी काढून भिंतीला टेकवलेली, खिळ्याला टांगलेल्या बाटलीतून पेट्रोलची नळी खाली आलेली, चारही कार्बोरेटर ओळीने बसवलेले, आणि चौथ्याच्या डोक्यावर तुमचा स्क्रू-ड्रायव्हर. आलेगेले मला विचारत होते, शेवटी काय बोलले? माणसाचं शेवटचं बोलणं काहीतरी मोठं असावं असं लोकांना वाटतं. मी कुणाला सांगितलं नाही. तुम्ही शेवटचं बोललात ते एवढंच, "चौथा बरोबर हाय. तुजं आपलं कायतरी निराळंच असतंय." आणि जेवायला हात धुवायचे म्हणून उठलात, ते मोरीच्या दारात बसलात. तिथून पुन्हा उठला नाहीत.

म्हणजे आपलं भांडण जिथल्या तिथं आहे. मी म्हणत होते, चौथा कार्बोरेटर हवा कमी ओढतोय, बाकीच्या तिघांपेक्षा त्याचा सूं बारीक येतोय. तुम्ही म्हणत होता, चारही एका मापाचे बसवलेत, तार घालून बघितलंय, फरक असायचं कारणच नाही. भांडण अर्ध्यावर टाकून उठायची तुमची खोड जुनीच. पण दुसऱ्या दिवशी चहाच्या कपात तोंड असताना तुम्ही "तू काल म्हनत हुतीस ते..." असं काढायचात, आणि मग आपण ते पुरं करायचो. रडायचं ते मी रडले. पण रडता रडता मधेच मला तुमचा राग येत होता, आणि राग आला की जरा बरं वाटत होतं.

साताऱ्यात तुम्हाला सगळे हवालदार म्हणायचे. तोफखान्यात गाड्यांचे मिस्त्री होतात, पासष्टच्या लढाईनंतर पेन्शनीवर घरी आलात, कोरेगाव रस्त्याला पत्र्याची शेड टाकलीत आणि मोटारसायकलींची इंजिनं लावून द्यायला लागलात. इंजिन लावणं म्हणजे त्यात पेट्रोल किती जावं आणि हवा किती जावी हे नेमकं जुळवणं. हे काम कार्बोरेटरचं, आणि कार्बोरेटर लावायचा तो कानाने. तुमचे कान तर तोफांनी नेले होते. माणसाचं जाड बोलणं ओठांकडे बघून तुम्हाला कळायचं. पण हवेचा सूं, आतली टिकटिक, ताटावर पडलेला चमचा, यातलं काही तुमच्यापर्यंत पोचत नव्हतं. ही गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक आहे, तुम्हाला आणि मला, असं मी धरून चालले होते.

लपवायला तसं कारणही होतं. पलटणीतून आल्यावर तुम्ही एका गॅरेजात नोकरी मागायला गेला होतात. मालकाने पाठीमागून हाक मारली आणि तुम्ही वळला नाहीत. तो शेजारच्याला म्हणाला, बहिऱ्याला काय इंजान कळणार. हाक तुम्हाला ऐकू आली नव्हती, पण वळल्यावर हे वाक्य मात्र तुम्ही त्याच्या ओठांवरून वाचलंत. घरी येऊन दोन भाकऱ्या खाल्ल्यात, पाणी प्यालात आणि म्हणालात, "सोताचं टाकू." गॅरेजात काय झालं ते मला पुढे कितीतरी दिवसांनी कळलं. कळलं त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की हे वाक्य यांच्याबद्दल परत कुणी बोलता कामा नये.

माझ्या कानाचा शोध आपल्याला चुलीपाशी लागला. माझे वडील माधवनगरच्या गिरणीत जॉबर, मागांवर देखरेख करणारे. आमच्या चाळीची मागची भिंत म्हणजे मागखात्याची भिंत. त्या खडखडाटात मी निजले, जेवले आणि सातवी पास झाले. कुठला माग धोटा चुकवतोय हे मला भिंतीपलीकडून कळायचं. वडील घरी आले की मी सांगायची, आज खिडकीकडचा माग लंगडत होता. ते म्हणायचे, "व्हय, उद्यापास्नं आमच्या जागंवर तूच जा." चेष्टेत म्हणायचे, पण दुसऱ्या दिवशी तो माग बघायचे.

तर शेड टाकून फार दिवस झाले नव्हते. तुम्ही कुणाचीतरी गाडी लावत होता आणि मी आत भाकरी थापत होते. गाडी दर तिसऱ्या ठोक्याला अडखळत होती. आता कळेल, मग कळेल म्हणून मी वाट बघितली. शेवटी पिठाच्या हातानं बाहेर आले, तुमच्या समोर उभी राहिले आणि म्हणाले, "तिसऱ्या ठोक्याला चुकतीया." तुम्ही माझ्याकडे बघितलंत, गाडीकडे बघितलंत, कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "भाकरी करपंल," म्हणालात. भाकरी करपलीच होती. जेवताना ताटात मान घालून तुम्ही विचारलंत, "कितव्या ठोक्याला म्हनलीस?"

तिथून आपलं सुरू झालं. पण बाईमाणसानं चार पुरुषांत गाडीशेजारी बसायचं तर हाताला काहीतरी काम पाहिजे. तांदळाची युक्ती माझी. मी सूप घेऊन शेडच्या दारात बसायची आणि तांदूळ निवडायची. तुम्ही गाडी चालू ठेवून मिश्रणाच्या स्क्रूवर हात धरायचात आणि नजर माझ्या सुपावर. खडा डावीकडे टाकला की स्क्रू आत, उजवीकडे टाकला की बाहेर. सूप मांडीवरून खाली ठेवलं की समजायचं, लागलं, हात काढा. गिऱ्हाईक बघायचं तर हवालदाराची बायको तांदूळ निवडत बसलीय आणि हवालदार मान तिरकी करून ऐकल्यासारखं करतोय. मान तिरकी करायची ही तुमची स्वतःची भर. ती जरा जास्तच व्हायची, मी सांगूनही तुम्ही कधी कमी केली नाहीत.

एकदा मात्र घोटाळा झाला. दुष्काळाचं साल होतं, रेशनला जो तांदूळ मिळाला त्यात तांदूळ कमी आणि खडे जास्त. दाणे वाया जाऊ नयेत म्हणून मी खरंच निवडायला लागले आणि बसले कशाला तेच विसरले. खडा सापडला की टाक डावीकडे, सापडला की टाक डावीकडे. तुम्ही शिस्तीचे सैनिक. प्रत्येक खड्याला स्क्रू थोडा आत, थोडा आत. इंजिन गुदमरून बंद पडलं. रहिमतपूरचे मास्तर, ज्यांची ती गाडी, ते म्हणाले, "हवालदार, असं का वो झालं?" तुम्ही गंभीर चेहरा करून म्हणालात, "कचरा हाय." मास्तर कार्बोरेटरकडे बघायला लागले, आणि मी पदर तोंडात कोंबून आत पळाले. त्या दिवसापासून आपला नियम झाला की बाहेर न्यायचे ते तांदूळ आधी आत बसून निवडायचे. बाहेरच्या सुपात मी चार मोठे खडे माझ्या हाताने टाकायची, तेच ते, धुऊन ठेवलेले. आपल्या घरचा भात साताऱ्यात सगळ्यांत स्वच्छ असावा.

तुम्ही एकदा म्हणाला होतात, "सांगून टाकू का समद्यास्नी? तुजा कान हाय म्हून." मी म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची. तुम्ही नुसते हसलात. हो म्हणाला नाहीत, नाही म्हणाला नाहीत. तेव्हा मला वाटलं, माझं म्हणणं तुम्हाला पटलं.

जिनगोंडाअण्णांची गाडी पहिल्यांदा आली तो दिवस मला आठवतोय. अण्णा सांगलीचे हळदीचे व्यापारी, शर्टाच्या बाह्यांना कायम पिवळी कड. त्यांनी कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यातून ही जुनी विलायती गाडी उचलली होती. चार सिलिंडरची मोटारसायकल तुम्हीसुद्धा तोवर बघितली नव्हती. तुम्ही तिच्याभोवती दोनदा फिरलात, मग खाली बसलात आणि तळहात इंजिनवर ठेवलात. "चालू करा," म्हणालात. चालू केल्यावर तळहात तसाच ठेवून बराच वेळ बसून राहिलात. तुमच्या तोंडावर जे होतं ते मी आपल्या लग्नातही बघितलं नव्हतं, आणि हे मी तुम्हाला तेव्हाच सुनावलं होतं.

ती गाडी एकाच कार्बोरेटरवर चालायची. एक तोंड आणि खाणारे चौघे. सपाटीला काही वाटायचं नाही, पण यवतेश्वराचा घाट चढायला लागली की टोकाच्या सिलिंडरला पोटभर मिळायचं नाही आणि ती धापा टाकायची. अण्णांनी तीही हौस मानून घेतली होती. मग गेल्या साली ते पुण्याला गेले आणि तिथे बोटीवरच्या कुणा साहेबाने आणलेली नवी जपानी गाडी बघून आले. चार सिलिंडर, चार कार्बोरेटर. आल्या आल्या म्हणाले, "हवालदार, आपल्या म्हातारीला बी चार बसवायचं." मी म्हणाले, नाकापेक्षा मोती जड होईल. तुम्ही माझ्याकडे अशा नजरेनं बघितलंत की मी आत चहा ठेवायला गेले. तुम्हाला ते करायचंच होतं. अण्णा आले नसते तर तुम्हीच त्यांच्या मागे लागला असता.

त्यानंतरचे महिने तुमचे फार सुखाचे गेले, आणि तुमचे म्हणून माझेही. मुंबईच्या जुन्या बाजारातून अण्णांनी मोठ्या तोंडाचे चार कार्बोरेटर आणवले. चारही सारखे म्हणून आले, निघाले चार तऱ्हेचे. तुम्ही ते परातीत रॉकेलमध्ये धुतलेत, आतले पेट्रोल सोडणारे जेट एकसारखे केलेत, झडपा पॉलिश केल्यात. परात माझी होती. त्या परातीत मला परत कणीक मळवली नाही, ती तुम्हाला देऊन टाकली.

कार्बोरेटर आले तरी ते इंजिनला जोडायला चार आखूड नळ्या लागणार होत्या, आणि त्या बाजारात मिळणाऱ्या नव्हत्या. म्हणून आपण सांगलीला गेलो. तुम्ही लाकडाचा नमुना करून पिशवीत घेतला होता. उसाच्या चरकाचे भाग ओतणारी ती फौंड्री, मालक नमुना उलटासुलटा करून बघत म्हणाला, "ह्यो कशाचा म्हनायचा?" तुम्ही म्हणालात, "नाकाचा." तो म्हातारा मनापासून हसला आणि त्याने ओतून दिल्या. ओतकाम थंड होईस्तोवर आपण माधवनगरला माझ्या भावाकडे राहिलो. मी तुम्हाला आमच्या जुन्या चाळीची ती भिंत दाखवली. तुम्ही पाळी सुटायच्या आधी तिथं गेलात आणि इंजिनला लावता तसा तळहात भिंतीला लावलात. माग चालू होते. थोड्या वेळाने म्हणालात, "हितं कान तयार झाला व्हय तुजा." येणारेजाणारे बघत होते. मला लाज वाटली आणि फार बरंही वाटलं. त्यातलं दुसरं मी तुम्हाला सांगितलं नव्हतं, ते आता सांगते.

गाडीवर चारही कार्बोरेटर बसले. एका मुठीतून चार तारा निघून चार झडपा एकदम उचलल्या पाहिजेत. तुम्ही एका जाडीची तार प्रत्येक झडपेखाली घालून उंची सारखी केलीत. मग गाडी चालू केली आणि मी सूप घेऊन बसले. पहिले तीन पटकन लागले. चौथा काही केल्या जमेना. त्याचा सूं पातळ. मी खडे उजवीकडे टाकत राहिले, तुम्ही स्क्रू फिरवत राहिलात, शेवटी तुम्ही गाडी बंद केलीत आणि म्हणालात की तुजा कान दमलाय. ते भांडण मग कितीतरी दिवस चाललं. तुमचा विश्वास मापावर, माझा कानावर. आणि त्यातच तुम्ही हात धुवायला उठलात.

आता नंतरचं सांगते.

दिवसकार्य झाल्यावर शंकरभाऊजी रहिमतपूरला परत गेले नाहीत. धाकट्या भावाने करावं ते सगळं त्यांनी केलं, त्याबद्दल बोलायला जागा नाही. ते म्हणाले, "वैनी, शेडला कुलूप लावू. तुमी चला रानात ऱ्हायाला. अण्णांची गाडी ते न्हेतील, पुन्याला मिस्त्री हाय म्हनं कोन." मी हो म्हणणार होते. मग आत जाऊन विचार केला. गाडी पुण्याच्या मिस्त्रीकडे अशी गेली तर तो चौथा बघेल आणि म्हणेल, साताऱ्याच्या माणसाला जमलं नाही. बरं, मी जमवावं तर अण्णांच्या समोर गाडी चालू करून ऐकावी लागणार, हातात पाना घ्यावा लागणार. मग ते विचारणार, वैनी, तुम्हाला हे कसं येतं? आणि इतकी वर्षं झाकलेलं उघडं पडणार. तुमचं शेवटचं काम वाचवायचं तर तुमची मूठ उघडायची, आणि मूठ झाकलेली ठेवायची तर काम अर्धं सोडायचं. मी तुमच्या फोटोकडे बघितलं. फोटोत तुम्ही पलटणीच्या टोपीत ताठ उभे आहात, तिथून सल्ला काही येईना.

अण्णा दुसऱ्या दिवशी सकाळीच आले, बरोबर गाडी चढवायला टेम्पो घेऊन. तुमच्या फोटोला हार घातला, थोडा वेळ डोळे पुसले आणि मग आपण उगीच बोलतो तसं पावसापाण्याचं बोलले. मी म्हणाले, "अण्णा, गाडी अशी न्यायची न्हाई. आज लावून न्या." भाऊजींचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. ते म्हणाले, "वैनी, कोन लावनार?" मी म्हणाले, "मी." आणि एकदा तोंड उघडलंच होतं, म्हणून सगळं सांगून टाकलं. यांना ऐकू येत नव्हतं. ऐकायची मी. कुणी काही म्हणो, पण यांचे हात होते तसे हात दुसऱ्याचे नाहीत. बोलता बोलता वाटत होतं, माझ्या तोंडून तुमच्याबद्दल तेच वाक्य बाहेर पडतंय जे त्या गॅरेजवाल्याने म्हटलं होतं.

अण्णांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. म्हणाले, "बरं. मारू का किक?"

त्यांना काहीच कसं वाटलं नाही म्हणून मी गोंधळले, पण गाडी चालू झाली आणि मग मला दुसरं काही सुचलं नाही. पदर खोचला. पेट्रोलच्या नळीचा एक तुकडा घेतला, एक टोक कानाला आणि दुसरं एकेका कार्बोरेटरच्या तोंडाशी. एवढ्या वर्षांत मी कधी नळी लावून ऐकलं नव्हतं, लांबूनच ऐकायची. पहिला, दुसरा, तिसरा, तिघांचा सूं एक. चौथ्याचा पातळ. माझा कान दमला नव्हता. मग तुम्ही एकदा शिकवलेलं आठवलं, हवा चोरून येते का ते तेलानं बघायचं. तेलाची बुधली घेऊन चौथ्याच्या नळीच्या जोडावर चार थेंब सोडले. आवाज लगेच भरला, आणि तेल आत ओढलं गेल्यावर परत पातळ झाला.

गाडी बंद करून जोड सोडला. नळीचं तोंड पट्टी लावून उजेडात धरलं तर मधे केसाएवढी फट. ओतकाम थंड होताना तेवढं एक तोंड वाकलं होतं. हवा जायची ती कार्बोरेटरमधून न जाता बाजूने शिरत होती, म्हणून त्याचा सूं बारीक. म्हणजे कार्बोरेटर तुम्ही म्हणत होता तसा मापात बरोबर, आणि आवाज मी म्हणत होते तसा कमी. आपण दोघंही बरोबर होतो. असं आपल्या संसारात फारसं कधी घडलं नाही, आणि घडलं तेव्हा तुम्ही नव्हता.

काचेवर पॉलिश पेपर ठेवून ते तोंड घासलं. माझ्या हाताला जमेना तसं अण्णा म्हणाले, "आना हिकडं," आणि त्यांनी घासलं. जाड कागद नळीच्या तोंडावर ठेवून हातोडीने कडेकडेने ठोकून पॅकिंग कापलं, तेलात बुडवलं आणि बसवलं. भाऊजी बाहेर बाजेवर बसले होते, ते हळूच आत आले आणि बोल्ट आवळताना नळी धरून उभे राहिले. पुन्हा किक. पुन्हा नळी. चारही तोंडं एकसारखी हवा घेत होती. स्लोवर ठेवली तर गाडी जागची हलत नव्हती, मूठ पिळली की एका दमात वर जात होती. सिलिंडर चार आहेत हे कानाला कळतच नव्हतं.

टाकी चढवली, अण्णा घाट चढून आले. उतरून टाकीवर हात ठेवला आणि म्हणाले, "म्हातारी पळाली वैनी." तेव्हा मी त्यांना विचारलं की अण्णा, मी एवढं सांगितलं, तुम्हाला नवल कसं वाटलं नाही?

अण्णा खाली बघून हसले. "आवं वैनी, कुठल्या घरात तांदूळ एवढ्यांदा निवडत्यात? आमच्या घरात बायका निवडताना तांदळाकडं बघत्यात. तुमी डोळं मिटून निवडत हुता."

मी भाऊजींकडे बघितलं. ते म्हणाले, "मला बी ठावं हुतं. मास्तरास्नी बी. लय जनास्नी ठावं हाय." म्हणजे मी गावापासून झाकत होते आणि गाव माझ्यापासून झाकत होतं. मी तिथेच स्टुलावर बसले. मला हसू येत होतं आणि आवरत नव्हतं, आणि दिवस कसले, घरात काय झालेलं, लोक काय म्हणतील, असंही वाटत होतं. भाऊजी घाबरून पाणी घेऊन आले.

पण अण्णांचं संपलं नव्हतं. ते म्हणाले, "तांदळाचं मागनं ध्यानात आलं वैनी, आदी आमचं आमाला कळलं न्हवतं. हवालदारानंच सांगितलं." गाडी पहिल्यांदा लावलीत तेव्हा तुम्ही दोघं घाटावर चाचणीला गेला होतात. वरती गाडी थांबवून तुम्ही त्यांना म्हणालात, "अण्णा, बसवनारा मी, पन कान माज्या बायकूचा हाय. तुमी तिला कळू दिऊ नका. तिला वाटतंय ती माजी लाज झाकतीया. मला लाज न्हाई आन काय न्हाई. पन तिला कळलं तर ती भायेर यायाची बंद हुईल. आन ती शेजारी बसल्याबिगर मला कामाला गोडी न्हाई."

अण्णांनी ते तुमच्याच आवाजात सांगितलं, खालच्या पट्टीत, थांबत थांबत. मग टेम्पो रिकामा पाठवून दिला आणि गाडीवर बसून सांगलीला निघून गेले. भाऊजींनी कुलूप हातात घेऊन विचारलं, काय करायचं. मी म्हणाले, ठेवून द्या, मास्तरांची गाडी सोमवारी येणार आहे. ते बरं म्हणाले. जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाले, "दादाला बरं वाटलं आसतं." मला आता शेडची काळजी नाही, तुमच्या नावाचीही नाही. लोक येतील. त्यांना कशाला यायचं ते ठाऊक आहे आणि मला काय करायचं ते ठाऊक आहे.

तुमच्यावर मात्र मी रागावले आहे, आणि हा राग जायला वेळ लागेल. घाटावर जाऊन अण्णांना सांगितलंत, मास्तरांनाही तुम्हीच सांगितलं असणार, आणि आणखी कुणाकुणाला. एवढ्या सगळ्यांना सांगायला तुम्हाला तोंड होतं. मलाच तेवढं म्हणायचं होतं, की ये, बस शेजारी, काम नसलं तरी बस. मी आले असते हो.